टाके घातलेलं पान

सेनगावजवळच्या गोरेगावात, मुंबईतल्या नव्हे, आमच्या घराच्या बाहेरच्या खोलीत एक ढोरांचे डॉक्टर भाड्याने राहायचे. ते डॉक्टर नव्हते. सरकारी दवाखान्यात जनावरांना लस टोचायची, जखमा बांधायच्या, सेनगावहून मोठे डॉक्टर आठवड्यातून एकदा येत तेव्हा त्यांच्या हातात सामान द्यायचं, एवढंच त्यांचं काम. पण जो टोचतो तो डॉक्टर, असा आमच्या भागाचा साधा नियम. "मी डॉक्टर न्हाई रे बाबा," असं ते प्रत्येक नव्या माणसाला एकदा सांगत आणि समोरचा "व्हय डॉक्टर," म्हणून मान हलवत असे.

उंच, कमरेत थोडे वाकलेले, खाकी पँट आणि पायात टायरच्या चपला. सायकलच्या कॅरिअरला लसीचा थर्मास बांधलेला. ते गल्लीच्या तोंडाशी आले की फिनेलचा वास त्यांच्याआधी घरात यायचा आणि आई म्हणायची, "आले." जनावरांशी ते अहोजाहो करत. "बाई, जरा सरका. झालंच आता, घाबरू नका." आणि म्हैस खरंच सरकायची. माणसांना मात्र सरसकट अरेतुरे. त्यातून माझे वडीलही सुटले नव्हते, जे घरमालक होते आणि ज्यांचं गावात कापडाचं दुकान होतं. वडील सुरुवातीला घुश्शात असत. पुढे त्यांनीच विनोद केला, "आपल्याला अहो म्हणवून घ्यायचं तर शिंगं उगवली पाहिजेत."

त्यांचं लग्न झालं होतं की नव्हतं, हे मला आजही माहीत नाही. आईने एकदा विचारलं तेव्हा ते म्हणाले, "झालं असतं तर तुला डबा सांगितला असता का?" तो विषय तिथेच मिटला.

आता त्यांच्या खुळाचं सांगते. गावोगाव गोठ्यांतून फिरताना ते टोचणीचा मोबदला मागत. पैसे नव्हेत. "लस सरकारची, सुई सरकारची," ते म्हणत, "पर आठ कोस सायकल मी मारली. त्याचं काय देतीस माय? एक म्हण दे." आणि बायका म्हण देत. आधी हसत, लाजत, "आमाला कुठल्या म्हणी येतात डॉक्टर," म्हणत, आणि मग गोठ्याच्या खांबाला टेकून एखादी अशी काढत की डॉक्टर सुई हातात धरून थांबून जात. पुढे पुढे तर बायका त्यांच्यासाठी म्हणी राखून ठेवायला लागल्या. एखादीच्या तोंडून काही चांगलं निघालं की शेजारीण म्हणे, "ही डॉक्टरला दे बरं का."

पण त्यांना कुठलीही चालत नसे. कोणी "घरोघरी मातीच्या चुली" म्हटलं की ते हात झटकत. "ही छापील हाय. हिला धनीण न्हाई. दुसरी दे." धनीण म्हणजे जिच्यावर ती म्हण पहिल्यांदा बेतली ती बाई. त्यांचं म्हणणं असं की म्हण आभाळातून पडत नाही. ती आधी कोणाच्या तरी घरात घडते, त्या घराची राखरांगोळी होते किंवा हसं होतं, आणि मग बाकीचे तिला फुकट वापरतात. म्हणून म्हण लिहायची तर धनिणीच्या नावासकट आणि तिला विचारून.

लिहायचे ते लसीकरणाच्या एका जुन्या रजिस्टरमध्ये, एका बाईला एक पान. रकाने सरकारी, छापलेले: मालकाचे नाव, गाव, जनावराचा प्रकार, रोग, शेरा. त्यांनी ते मथळे खोडले नाहीत. मालकाच्या खाली बाईचं नाव लिहायचे, जनावराच्या खाली म्हण, रोगाच्या खाली ती म्हण कशावरून निघाली ते. एक नोंद मला पाठ आहे. मालक: सोनबाई. जनावराचा प्रकार: 'जावयाची म्हैस, दूध देईना अन् विकता येईना.' रोग: 'जावई तीन महिने मुक्कामाला.' शेरा: 'अजून गेला नाही.'

एक हळदीवरची होती, वसमतकडची; डॉक्टर मूळचे तिकडचेच. 'हळद शिजली आमच्या परसात, वास गेला वसमतच्या बाजारात.' तिचा रोग काय ते आई मला वाचू देत नसे.

त्या रजिस्टरमधली काही पानं शिवलेली होती. जनावराच्या जखमेला टाके घालायची वाकडी सुई असते, तिने आणि त्याच जाड दोऱ्याने दोन पानं समोरासमोर घेऊन बाहेरच्या कडेला शिवून टाकलेली. मी शाळेत असताना विचारलं होतं, "ही काहून शिवली?"

"धनीण जित्ती हाय अजून."

"मग?"

"तिनं सांगितलं, मी हाय तवर कोनाला दावू नका. घाव वला हाय पोरी. वल्या घावाला टाके घालावेच लागतात."

"आणि ती गेल्यावर?"

"मंग काढायचे टाके. भरलेल्या घावावर ठिवले तर पू होतो."

ते हे इतक्या गंभीरपणे बोलायचे की मला हसू यायचं. मी हसले की तेही हसत, पण रजिस्टर मिटून घेत.

मी औरंगाबादला शिकले, तिथून मुंबईला गेले आणि टीव्हीच्या मालिकांना संवाद लिहायला लागले. नव्वदीची अखेर असेल. एका वाहिनीवर म्हणींवरची मालिका ठरली. तेरा भाग, दर भागात एक म्हण आणि त्या म्हणीची बावीस मिनिटांची गोष्ट. माणसं दर वेळी नवी, गाव नवं, घर नवं. ही मालिका मला मिळाली ती माझ्या अक्कलहुशारीवर नव्हे. पहिल्या बैठकीत मी सोनबाईच्या जावयाची म्हैस सांगितली आणि दिग्दर्शक खुर्चीतून पडायचे बाकी राहिले. "अशा किती आहेत तुमच्याकडे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "पुष्कळ." माझ्याकडे एकही नव्हती. सगळ्या बाहेरच्या खोलीत होत्या.

डॉक्टरांना कळलं तेव्हा ते लहान मुलासारखे हरखले. ज्या म्हणींच्या धनिणींची हरकत नव्हती त्या त्यांनी मला काढून दिल्या, आणि त्याआधी सायकल मारत जाऊन प्रत्येकीला पुन्हा विचारून आले. सोनबाईने म्हणे एकच अट घातली, की टीव्हीतली म्हैस काळीभोर असावी, उगीच भुरी दाखवू नये. डॉक्टरांचं नाव मालिकेच्या पाटीवर टाकू का, असं मी फोनवर विचारलं तर म्हणाले, "माझं काहून? मी काय व्यालो का त्या म्हणी?"

मालिका सुरू झाली. डॉक्टर दर आठवड्याला आमच्या माजघरात टीव्हीसमोर जमिनीवर मांडी घालून बसत, मांडीवर रजिस्टर. आई फोनवर सांगायची, "अगं, चुकलं की कपाळावर हात मारतात." त्यांची मुख्य तक्रार एकच होती. गोष्ट संपल्यावर एक भारदस्त आवाज म्हण सांगायचा. डॉक्टरांना ते सहन होत नसे. "म्हण शेवटाला सांगू नये. मधी यावी, भांडी घासता घासता. शेवटाला सांगितली की तिचं प्रवचन होतं." मी ते दिग्दर्शकांना सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही. म्हातारा बरोबर बोलत होता.

बारा भाग लिहून झाले आणि तेरावा सापडेना. 'दुष्काळात तेरावा महिना' असं आमच्या ऑफिसात रोज कोणीतरी म्हणायचं आणि रोज सगळे हसायचे. शेवटचा भाग असा हवा होता की माणसं रडली पाहिजेत. मी चार दिवसांची सुट्टी काढून गोरेगावला आले.

"शिवलेल्यांतली एक द्या," मी डॉक्टरांना म्हटलं.

"न्हाई."

"नाव बदलते. गावही बदलते."

"नाव बदललं तरी घाव तोच ऱ्हातो ना." आणि मला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशी खाटेवर बसून रजिस्टर पहिल्यापासून वाचायला घेतलं. दुपारपर्यंत तीसेक म्हणी त्यांनी साभिनय ऐकवल्या. एकीवरही कोणी रडलं नसतं. तेवढ्यात कोणाची तरी गाय अडली म्हणून माणूस मोटारसायकल घेऊन बोलवायला आला. डॉक्टरांनी पिशवी उचलली. रजिस्टर खाटेवर तसंच उघडं होतं. ते घेऊन आत ठेवतील असं मला वाटलं. ते म्हणाले, "वाचत बस. आलोच मी."

हे 'वाचत बस' माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही.

टाके फक्त बाहेरच्या कडेला होते. वरची बाजू मोकळी होती. दोन पानं जरा फुगवली आणि खिडकीच्या उजेडाकडे धरली की आतलं वाचता यायचं. दोरा मी तोडला नाही. हे मी पुढे पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले, जणू काय गुन्हा दोऱ्याचा होता. तीन पानांत डोकावले. तिसरं गयाबाईचं निघालं.

गयाबाई म्हणजे गोरेगावपासून कोसभरावरच्या एका खेड्यातली म्हातारी. मी तिला नुसती पाहून ओळखत होते, आमच्या दुकानात ती लुगडी घ्यायला यायची. तिच्या पानावर म्हण होती, 'धूर आढ्याला, काठवट कोरडी.' काठवट म्हणजे पीठ मळायची लाकडी परात. ही म्हण मला माहीत होती. आमच्याकडे बढाईखोर माणसाला लावतात, घरात नाही दाणा आणि गावभर दिमाख, अशाला. मीही कितीदा वापरली होती. तिला धनीण असेल असं कधी मनातही आलं नव्हतं.

रोगाच्या रकान्यात डॉक्टरांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं. बहात्तरचा दुष्काळ. गयाबाईचा नवरा खडी फोडायच्या कामावर लांब गेलेला. जाताना सांगून गेला, भावकीपुढे हात पसरू नकोस, मी दाणे घेऊन येतो. भिंतीपल्याड सख्खी जाऊ, तिच्याकडे थोडी ज्वारी होती. गयाबाईने मागितली नाही. रोज दोन्ही वेळा तिने ओल्या तुराट्या घालून चूल पेटवली, धूर आढ्यापर्यंत जावा म्हणून. आणि रिकाम्या काठवटीवर तळहात आपटत बसायची, भाकरी थापल्याचा आवाज भिंतीपल्याड जावा म्हणून. तीन लेकरं चुलीपुढे वाट बघत झोपून जायची. बारा दिवसांनी नवरा चालत आला. डोक्यावर लाल मिलोचं, रेशनच्या परदेशी ज्वारीचं, अर्धं पोतं. कामावर मजुरांना खायला मिळणारी सुकडी त्याने खाल्ली नव्हती, तीही धोतराच्या सोग्यात बांधून आणली होती. येऊन उंबऱ्यात बसला तो त्याला उठता येईना. पुढे किती तरी वर्षांनी, नवरा गेल्यानंतर, निंदायला गेलेल्या बायकांत कोणी बढाई मारली तेव्हा गयाबाईच्या तोंडून ते शब्द निघाले आणि बायकांनी उचलले. ते कशावरून आले हे तिने जिवंत माणसांत एका डॉक्टरांनाच सांगितलं होतं.

मी रजिस्टर होतं तसं ठेवलं. डॉक्टर परत आले तेव्हा त्यांच्या बाह्या कोपरापर्यंत भरलेल्या होत्या आणि चेहरा फुललेला. "दोघी बी वाचल्या. गाय बी, कालवड बी. लई तकलीफ झाली बाईंना." हात धुता धुता त्यांनी विचारलं, "मंग? घावली का एखादी?"

"नाही अजून," मी म्हणाले.

दिग्दर्शकांनी कच्चा खर्डा वाचला आणि चष्मा काढून डोळे पुसले. मग म्हणाले, "नवरा कुठं आहे यात?"

"खडी फोडायला गेलाय."

"मग?"

"येतो. पोतं घेऊन."

"म्हणजे सगळे चांगलेच? मग वाईट कोण?"

"दुष्काळ."

"अहो, दुष्काळ कॅमेऱ्यात दिसत नाही. बावीस मिनिटांत वाईट कोण ते समोर दिसायला लागतं. नवरा खडीच्या मजुरीची दारू पितो असं करा. मग त्या बाईचा धूर बघा कसा चढतो ते."

मी दोन दिवस नाही म्हणाले. तिसऱ्या दिवशी दुपारी बसून लिहून टाकलं. नवरा गुत्त्यावर, बायको चुलीपुढे, नवरा गुत्त्यावर, बायको काठवटीवर हात आपटते आहे. चांगलं लिहिलं, हीच त्यातली वाईट गोष्ट. गयाबाईची सखू केली, गाव कुठलं ते सांगितलंच नाही, तीन लेकरांची दोन केली. काठवटीचा आवाज मात्र मला सोडवेना. तो ठेवला.

तेरावा भाग लागला त्या संध्याकाळी मी मुंबईत होते. आमच्याकडे संध्याकाळची लाईट जायची म्हणजे जायचीच. त्या दिवशी नेमकी गेली नाही. आईने पुढे सांगितलं ते असं. डॉक्टर नेहमीसारखे खाली बसले होते. चुलीत ओल्या तुराट्या घातल्या तेव्हा ते पुढे सरकले. काठवटीवर पहिला हात पडला तेव्हा त्यांनी रजिस्टर मिटलं. नवऱ्याने बाटली तोंडाला लावली आणि ते उठले, चपला पायात न घालता हातात घेऊन बाहेर गेले.

गयाबाईच्या गावात चार घरांत टीव्ही होता. त्यातल्या एका घरी तिची जाऊ बसली होती. तिने तो आवाज ऐकला आणि ती मोठ्याने रडायला लागली. "हा आवाज म्या ऐकला व्हता," ती म्हणाली म्हणे, "भितीपल्याडून. म्या समजायचे, हिच्या घरी माझ्यापरीस जास्ती भाकरी होऊन राहिल्या." तोपर्यंत गावाला काही माहीत नव्हतं. जावेच्या रडण्याने अर्ध्या तासात कळलं की टीव्हीतली सखू म्हणजे गयाबाई, आणि मग सखूचा नवरा कोण, हे कोणी सांगावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गयाबाई चालत गोरेगावला आली. आई दारातच होती. म्हातारी पायरीपाशी उभी राहिली, बस म्हटलं तरी बसली नाही. डॉक्टर बाहेर आले. ती एवढंच म्हणाली, "डॉक्टर, माझा मालक दारू पेत नव्हता." आणि परत फिरली.

त्यानंतर बायकांनी म्हणी देणं बंद केलं. कोणी भांडलं नाही, कोणी बोल लावला नाही. डॉक्टर गावात शिरले की जनावर अंगणात आणून बांधलेलं असायचं आणि दार लोटलेलं. आतून आवाज यायचा, "बांधलंय, टोचून घ्या." सोनबाईनेसुद्धा असंच केलं. डॉक्टरही पुन्हा मागायला गेले नाहीत. आई म्हणायची, "म्हशीशी बोलतात तेवढंच. बाकी तोंडातून शब्द नाही."

इकडे माझं कौतुक चाललं होतं. त्या भागावर पत्रं आली, पोतं भरून. लोक रडले होते. मला पुढची दोन कामं त्यावरच मिळाली.

दिवाळीला घरी आले तेव्हा डॉक्टर खोलीच्या दारात थर्मास पुसत बसले होते. मी समोर जाऊन उभी राहिले. वाटलं, रागावतील, रागावलेले बरे. ते उठले आणि खाटेकडे हात दाखवून म्हणाले, "बसा."

आयुष्यात पहिल्यांदा ते मला अहो म्हणाले आणि कोणी गालात मारावी तसं झालं.

"पान वाचलं तुमी, ते कळलं मला," ते म्हणाले. "त्याचं मी काई म्हणत न्हाई. रजिस्टर उघडं सोडून मीच गेलो. पर दारू कुठून आणली?"

मी सांगितलं. वाईट कोणीतरी लागतो, दिग्दर्शक म्हणाले, बावीस मिनिटं, वगैरे. माझंच बोलणं मला ऐकवेना.

थर्मासचं झाकण फिरवत ते म्हणाले, "बहात्तर साल तुमाला वाईट म्हणून पुरलं न्हाई का?"

  मी "चुकलं" असंही म्हणाले नाही, कारण रडू आलं असतं आणि त्यांच्यापुढे रडायचा मला हक्क नव्हता. उठून घरात गेले, आईने केलेल्या करंज्या खाल्ल्या, दोन दिवसांनी मुंबईला परतले.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी स्वतःहून वसमतला बदली मागून घेतली. जाण्याआधी आठ दिवस त्यांनी एक विचित्र काम केलं. रजिस्टरची शिवण उसवून पानं सुटी केली आणि सायकलवर गावोगाव फिरून ज्या बाईची म्हण तिचं पान तिला परत दिलं. दारापुढे उभं राहून म्हणायचे, "माय, तुझी हाय ही. तुझ्यापाशी ठिव." ज्यांना वाचता येत नव्हतं अशाच बायका जास्त. काहींनी घेतलं, काहींनी दार उघडलंच नाही, तिथे ते दाराच्या फटीतून आत सरकवलं. आमची खोली रिकामी केली तेव्हा आत फिनेलच्या वासाशिवाय काही राहिलं नव्हतं. वडिलांनी ती पुन्हा भाड्याने दिली नाही, कापडाचे तागे ठेवायला घेतली.

मी त्यांना वसमतच्या पत्त्यावर एक पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. दोन-तीन वर्षांनी वडिलांना बाजारात कोणीतरी सांगितलं की ते गेले. कशाने, कधी, कोणाच्या घरी, कोणाला नीट माहीत नव्हतं. मला वाटत राहिलं की ते माझ्यावर रागावून गेले, आणि खरं सांगायचं तर त्या वाटण्यात माझी सोयही होती. रागावलेल्या माणसाचं ओझं कमी असतं.

मग ती मालिका पुन्हा दाखवायला घेतली. दोन हजार पाच-सहा साल असेल. घरी माझा मुलगा कौतुकाने म्हणाला, "आई, तुझं लागलंय." मी पाहिलं. तोच गुत्ता, तीच बाटली. तो मेलेला माणूस परत एकदा दारू प्यायला, माझ्या हातची. त्या आठवड्यात मी गोरेगावला गेले आणि तिथून जीपने गयाबाईच्या गावाला.

ती ओसरीवर तुरी निवडत बसली होती. फार थकलेली, पण हात चालू. मी कोण ते सांगितलं, कापडदुकानवाल्यांची लेक. मग बाकीचंही सांगितलं. शिवलेलं पान मी वाचलं. टीव्हीतलं ते मी लिहिलं. दारू मी घातली. डॉक्टरांनी मला यातलं काही सांगितलं नव्हतं.

ती हातातली तूर सुपात टाकत राहिली. मग म्हणाली, "ठावं हाय."

"कोणी सांगितलं?"

"कोन सांगनार? डॉक्टरला म्या दारूचं बोललेच न्हवते, तर त्यो कुठून सांगंल? अन् टीव्हीला लिवनारी तू, त्याच्याच घरमालकाची लेक. म्या त्याच्या दारातून परत आले अन् मंगच माझ्या ध्यानात आलं. पर तवर त्यो माझ्या मागंच आला व्हता."

"कुठे?"

"हितं. पारावर. त्याच दिशी, दुपारच्याला. समदं गाव गोळा केलं. म्हनला, गयाबाईचा मालक देवमानूस व्हता. दारूचं म्या रचून सांगितलं टीव्हीवाल्यायला. चूक माझी हाय, मला काय बोलायचं ते बोला." तिने सूप खाली ठेवलं. "माझी पोरं त्याच्या अंगावर गेली. लई बोलली. पायतान बी उगारलं थोरल्यानं. त्यो मान खाली घालून हुबा व्हता."

मी विचारलं, "का केलं असं त्यांनी?"

"काहून म्हंजी? तुज्या बापाचं दुकान गोरेगावात. आमची चार गावं तिथं कापड घेतात. तुजं नाव निघालं असतं तर कोन चढलं असतं त्या पायरीवर?" ती माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "म्या त्याला खोटं बोलताना बघितलं अन् गप बसले. मला वाटलं, मालकाचं नाव धुऊन निघून राहिलं, निघू दे. माझी बी चूकच ती. मंग त्यो पान द्यायला आला तवा म्या दार उघडलं न्हाई. फटीतून टाकून गेला. म्या काय करू कागदाला? चुलीत घातला."

"मला माफ करा," मी म्हणाले.

"मला सांगून काय?" गयाबाई म्हणाली. "मला ठावंच हाय. डॉक्टरनं पारावर सांगितलं व्हतं. तू बी पारावर सांग. हितल्या लोकायला अजून वाटतं, त्यो खोटारडा व्हता."

मी हो म्हणाले. तिच्या पाया पडले. तिने पाय आत घेतले नाहीत, पण डोक्यावर हातही ठेवला नाही.

पार तिच्या घरापासून वीस पावलांवर होता. सात-आठ माणसं बसली होती, दोघं-तिघं साठीच्या पुढची, त्या दुपारी तिथे असतील अशी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एकाने ओळखलंही असावं, कारण तो जरा सरकला आणि त्याने जागा केली. वडील अजून दुकानात बसत होते. मला आठवत होतं की काय बोलायचं आहे. तीन वाक्यांचं काम होतं.

पाराच्या पलीकडे गोरेगावची जीप उभी होती. मी तिच्यात जाऊन बसले. जीप भरलेली नव्हती. ड्रायव्हर आणखी चार माणसांसाठी अर्धा तास थांबला. तेवढा वेळ मी आत बसून होते.